हात उगारण्याआधी

प्रणिता गायधनीचा उजवा हात एकदम खांद्यापासून लुळा पडला, तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्याला पक्षाघाताचा झटका आला.

समोर लोखंडी स्टुलावर ओमारी बसला होता. मोटरसायकलवरून प्रवासी ने-आण करणारा, चाळिशीचा, काटकुळा माणूस. हातांत बेड्या. भिंतीपाशी सार्जंट हमीसी उभा होता. बंदराजवळच्या वस्तीतली सात वर्षांची एक मुलगी सकाळपासून सापडत नव्हती, आणि ती ओमारीच्या गाडीवर बसलेली आपण पाहिली, असं एका दुकानदाराने सांगितलं होतं. प्रणिता त्याला तेच तेच विचारत होती, कुठे सोडलंस तिला? तो तेच तेच सांगत होता, मला माहीत नाही अफांदे, ती माझ्या गाडीवर बसलीच नाही. अफांदे म्हणजे तिथल्या भाषेत साहेब.

मग तो हसला. आणि तिचा हात गेला.

दंडावरच्या पट्ट्याचा हिरवा दिवा नारिंगी झालेला दिसला, तेव्हा तिला उलगडा झाला. झटका नव्हता. सबुरीने हात धरला होता.

हमीसीने पाहिलं होतं. दारातल्या शिपायानेही पाहिलं होतं. प्रणिताची कानशिलं तापली.

"यंत्र बिघडलंय," ती मोठ्याने म्हणाली. "मी रुकियाला घेऊन येते. तोवर काही विचारू नका याला."

तिचा डावा हात उजव्याला आधार देत होता. तशीच ती खोलीबाहेर पडली.

*

किसिवानी हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरचा चिमुकला बेटांचा देश. तिथल्या पोलिसांची इतकी दहशत होती, की घरात चोरी झाली तरी लोक ठाण्याची पायरी चढत नसत. नव्या सरकारने कायदा बदलला आणि शेजारच्या देशांकडे मदत मागितली. हिंदी महासागराभोवतीच्या नऊ देशांनी मिळून एक पोलीस सहकार्य पथक उभं केलं. कुणी जीपगाड्या दिल्या, कुणी प्रयोगशाळा. भारताने माणसं दिली. नाशिक ग्रामीणची पोलीस निरीक्षक प्रणिता गायधनी त्यांतली एक. तिची निवड झाली त्याचं कारण साधं होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत तिने कोठडीतल्या माणसावर हात उचलल्याची एकही तक्रार नव्हती. न मारता चौकशी कशी करायची, हे तिने तिथल्या पोलिसांना शिकवायचं होतं.

पथकाबरोबर दंडावर बांधायचा पट्टाही आला. त्याचं नाव सुबिरा. स्वाहिलीत त्याचा अर्थ संयम. प्रणिताने ते नाव पहिल्यांदा ऐकलं आणि ती हसून म्हणाली, "अहो, ही तर आमची सबुरी!" तेव्हापासून भारतीय तुकडीत त्याला सबुरीच म्हणू लागले.

कुणाला मारायचं तर हात हलण्याआधी शरीर तयारीला लागतं. मेंदूकडून विजेचा बारीक संदेश मज्जातंतूंमधून खाली येतो, खांदा घट्ट होतो, दंडाचा मागचा स्नायू ताणला जातो, बोटं आत वळू लागतात. हे सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसण्याआधी घडतं. कित्येकदा तर 'आता मारतो' असं त्या माणसाला स्वतःला जाणवण्याच्याही आधी. पट्टा हे संदेश कातडीवरून टिपायचा. धक्का देणं, धरून ठेवणं, बेड्या घालणं, स्वतःला वाचवणं, प्रत्येकाची तयारी वेगळी असते. अनेक देशांतल्या हजारो पोलिसांच्या हालचाली दाखवून यंत्राला तो फरक शिकवला होता. मारण्याची तयारी ओळखू आली की पट्टा त्या मज्जातंतूंना उलटा संदेश द्यायचा आणि हात गळून पडायचा. दुखत नसे. चार-सहा श्वासांत हात परत आपला होई. प्रत्येक वेळी काय घडलं त्याची नोंद पट्ट्यात राहायची.

पट्टा एकाच हाताला होता, माणूस ज्या हाताने जेवतो त्या. दोन्ही हातांना पुरतील एवढे पट्टे अजून आले नव्हते.

किसिवानीतल्या ठाण्यांमधून आरडाओरडा ऐकू येईनासा झाला, हे मात्र खरं. हमीसीच प्रणिताला म्हणाला होता, "दादा, आता माझी बायको विचारत नाही, आज हाताला काय लागलंय म्हणून." स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. पहिल्या आठवड्यात सगळे तिला दादा म्हणायला लागले तेव्हा ती गोंधळून मागे वळून पाहायची.

*

रुकिया ही पट्ट्यांची देखभाल करणारी इंजिनिअर. तिची खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला होती. तिला घेऊन प्रणिता परतली तेव्हा ओमारी जमिनीवर पडला होता. पोटाशी गुडघे घेऊन. हमीसी खिडकीपाशी धापा टाकत उभा होता आणि त्याचा उजवा हात चिंधीसारखा लोंबत होता.

"पळायला गेला," हमीसी म्हणाला. "स्टुलात पाय अडकून टेबलाच्या कोपऱ्यावर पडला."

मुलगी दुपारीच सापडली. मावशीकडे गेली होती, पायी. ओमारी कोण हेही तिला माहीत नव्हतं.

ओमारी इस्पितळात वारला. बरगड्या मोडल्या होत्या, प्लीहा फाटली होती. टेबलाच्या कोपऱ्याने तसं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. बुटाच्या लाथांनीही होऊ शकतं. त्या खोलीतला कॅमेरा खाऱ्या हवेने केव्हाच निकामी झालेला होता. दारातला शिपाई म्हणाला, मी तेव्हा फाटकावर गेलो होतो.

राहिला हमीसीचा पट्टा. प्रणिता बाहेर असतानाच्या वेळात त्याने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा हात धरला होता. हात परत आला की पुन्हा. नव्या कायद्याखाली कोठडीतल्या मृत्यूचा तो देशातला पहिला खटला होता आणि सरकारी वकिलाकडे या नोंदीखेरीज काहीही नव्हतं.

हमीसीच्या वकिलाचं म्हणणं एका वाक्यात मावत होतं. पट्टे त्या दिवशी बिघडले होते, आणि हे आम्ही नाही, खुद्द भारताच्या प्रशिक्षक बाईंनी सांगितलंय.

*

"बिघडला होता का माझा?" प्रणिताने रुकियाला विचारलं.

रुकियाने तिच्या पट्ट्याच्या नोंदीतल्या तीन रेघा पडद्यावर काढल्या. दोघींच्या कानात दुभाषी यंत्र होतं. ते सगळ्यांचंच बोलणं 'तुम्ही' लावून मराठीत आणायचं, त्यामुळे तिथली भांडणंसुद्धा तिला अदबीची वाटायची.

"हा खांदा. हा कोपर. ही मूठ," रुकिया म्हणाली. "एकामागून एक, अगदी स्वच्छ. बिघडलेल्या पट्ट्याची रेघ अशी नसते."

"पण मला तसं काही वाटलंच नव्हतं. मारावंसं वगैरे."

"वाटण्याआधीच थांबवतो तो. त्यासाठीच केलाय."

"म्हणजे मी मारलं असतं?"

"इंजिन सुरू झालं, एवढं मला दिसतं. गाडी फाटकाबाहेर पडली असती का, ते नाही दिसत. पुष्कळ माणसं इथपर्यंत येतात आणि आपणहून थांबतात. आपण सगळेच. रोज. पट्टा ती वाट बघत नाही."

"मग जो थांबणार होता आणि जो थांबणार नव्हता, दोघांची रेघ सारखीच?"

"सारखीच."

प्रणिताने पट्टा पुन्हा बांधला. पट्टे तपासायला भिंतीशी टेकवलेल्या गादीकडे पाहून ती ओमारीचा चेहरा आठवू लागली, राग आणू लागली. खांदा ताणला, मूठ वळली. दिवा हिरवाच राहिला.

"नाटक कळतं त्याला," रुकिया म्हणाली.

*

हमीसी निलंबित होता, घरीच होता. प्रणिताने त्याच्याकडे जायला नको होतं, तरी ती गेली. त्याच्या अंगणात ती अनेकदा जेवली होती. या वेळी त्याने खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला.

"मला दोन मुली आहेत, दादा. ती मुलगी मेली असं धरूनच चाललो होतो मी."

"तुम्ही लाथा घातल्या त्याला?"

तो अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिला. "तुमचाही हात गेला होता. मी पाहिलं. आपल्यात फरक काय? तुम्ही बाहेर गेलात, मी आत राहिलो."

"मी सांगून गेले होते, काही विचारू नका म्हणून."

"विचारलं नाहीच मी काही," हमीसी म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, ते दिसलं नाही तुम्हाला? मला एकट्याला का सोडलंत त्याच्याजवळ?"

तिला दिसलं होतं का? तिला आठवेना. सिन्नरच्या ठाण्यात तिने असं कधीच केलं नसतं. तापलेल्या हवालदाराला ती आधी खोलीबाहेर काढायची, चहाला पाठवायची. इथे तिने हमीसीच्या दंडावरचा हिरवा दिवा पाहिला असेल आणि निश्चिंत झाली असेल. किंवा स्वतःच्या लाजेपुढे तिला हमीसी दिसलाच नसेल. दोन्ही खरं वाटत होतं.

*

भारतीय तुकडीचे प्रमुख बेलसरे यांचा फोन आला. माणूस सरळ होता, तिच्या भल्याचंच सांगत होता.

"गायधनी, तुम्ही त्या दिवशी जे म्हणालात तेच कोर्टात म्हणा. यंत्र बिघडलं होतं. दुसरं काही बोललात तर तिकडे नाशिकला खातेनिहाय चौकशी लागेल. आणि अख्ख्या तुकडीचं नाव जाईल ते वेगळंच."

"सर, मग हमीसी सुटेल."

"ते त्यांचं कोर्ट बघेल ना. आपण पाहुणे आहोत इथं."

तिने फोन ठेवला आणि सिन्नरला नवऱ्याला लावला. हर्षल पंपाच्या दुकानात होता. मागे कुणीतरी मोटर चालवून बघत होतं.

"हर्षल, एक विचारू? मी घरात कधी हात उगारलाय? आपल्या पोरीवर? मुक्तावर?"

"काय झालं?"

"सांग ना."

मोटरचा आवाज बंद झाला. तो दुकानाबाहेर आला असावा. "नाही उगारलास. एकदाही नाही."

"नक्की?"

"अगं, नक्की. पण..." तो घुटमळला. "तू थांबतेस ना, ते कळतं आम्हाला. जबडा असा आवळतेस आणि ओट्याशी जाऊन उभी राहतेस पाठमोरी. मुक्ता तेवढा वेळ बोलत नाही. मीपण नाही."

"मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? थांबतेस तर खरी."

तिला धीर आला आणि त्याच वेळी सुटलाही. ती थांबणारी बाई होती, म्हणजे त्या दिवशीही थांबलीच असती. आणि इतक्या वेळा थांबावं लागणारी बाई होती, म्हणजे पट्टा खोटं बोलत नव्हता. ती विचार करून थकली. यंत्र बिघडलं होतं असं म्हटलं, तर एक खुनी सुटणार. नव्हतं बिघडलं म्हटलं, तर जे आपल्याला स्वतःलाच ठाऊक नाही ते आपण शपथेवर कबूल करायचं.

*

कोर्ट जुन्या जकात कचेरीत भरत असे. साक्षीदाराला आपल्या भाषेत बोलायची मुभा होती. प्रणिता मराठीत बोलली. दुभाषी यंत्र एकेक वाक्य उचलून दालनात स्वाहिलीत ऐकवत होतं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, यंत्र बिघडलंय. बरोबर?" हमीसीचे वकील मसूदी यांनी विचारलं.

"बरोबर."

"बिघडलं होतं?"

बाकावर बेलसरे बसले होते. त्यांनी खाली पाहिलं.

"नाही," प्रणिता म्हणाली. "मला लाज वाटली म्हणून मी तसं म्हणाले."

दालनात चुळबुळ झाली. मसूदींना हे उत्तर नको होतं, पण ते मुरलेले वकील होते.

"म्हणजे बेड्या घातलेल्या माणसाला तुम्ही मारणार होता?"

"माझा हात मारायच्या तयारीत होता."

"हात तुमचाच ना?"

"माझाच."

"मग मारलं असतं?"

"माहीत नाही. आजवर थांबत आले, तर कदाचित थांबले असते. पण त्या दिवशी थांबायची वेळ माझ्यावर आलीच नाही. त्यामुळे ते आता कुणालाच कळणार नाही. मलाही."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "साक्षीदार, एवढं स्पष्ट सांगा. पट्ट्याने जे टिपलं ते खरं होतं?"

"हो. माझ्या पट्ट्याने टिपलं ते खरं होतं."

मसूदी पुन्हा उठले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तुम्ही कधीही हात न उचललेल्या अधिकारी आहात. मग त्या दिवशी राग आला कशाचा?"

"तो हसला. मी मुलीबद्दल विचारत होते आणि तो हसला, म्हणून राग आला."

"आभारी आहे," मसूदी म्हणाले आणि न्यायाधीशांकडे वळले. "बेपत्ता मुलीचं नाव निघतं आणि हा माणूस हसतो. परदेशातून संयम शिकवायला आलेल्या बाईंचाही तोल जातो. माझा अशील तर दोन मुलींचा बाप आहे."

मागच्या बाकावरून एक बाई ताडकन उठली आणि बाहेर निघून गेली. ओमारीची बायको, झैना. प्रणिताने तिला इस्पितळात एकदा लांबून पाहिलं होतं.

*

कामकाज थोडा वेळ थांबलं. प्रणिता बाहेर आली तेव्हा झैना काजूच्या झाडाखाली उभी होती. ती तिचीच वाट बघत होती.

आता ही ओरडेल, असं प्रणिताला वाटलं. किंवा आभार मानेल, तेही वाटलं. झैनाने दोन्ही केलं नाही.

"आता कागदावर लिहिलं गेलं, की माझा नवरा एका हरवलेल्या मुलीवर हसला," ती म्हणाली. "माझी मुलं उद्या ते वाचतील."

"तो हसला होता," प्रणिता हळू आवाजात म्हणाली. "मी खोटं नाही सांगितलं."

"हसला असेल. घाबरला की हसायचा तो. निकाहात मौलवींसमोर हसला. थोरल्या मुलाच्या वेळी मी अडले होते तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून हसत होता, माझ्या आईने शिव्या घातल्या त्याला." झैनाने डोक्यावरचं वस्त्र घट्ट केलं. "घाबरल्याशिवाय कधी हसायचा नाही. तो हसण्याआधी तिथे काय झालं?"

"काही नाही. मी प्रश्न विचारत होते."

"हात उगारलात?"

"नाही. हात हललाच नाही. त्याआधीच पट्ट्याने..."

"मग त्याला काय दिसलं?"

झैना प्रणिताकडे बघत राहिली. कपाळ, डोळे, जबडा, असं एकेक नीट पाहत राहिली.

"तुमचं तोंड दिसलं असेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं तिने सांगितलं आणि ती आत गेली.

प्रणिता झाडाखाली उभी राहिली. इतके दिवस तिला तो प्रसंग एकाच क्रमाने आठवत होता. आधी तो हसला, मग राग आला, मग हात गेला. आता तिने तो उलट लावून पाहिला. सकाळपासून न सापडलेली मुलगी, तेच तेच उत्तर, आतून वर येणारं काहीतरी, आवळलेला जबडा. मग समोरच्याचं ते हसू. तोही क्रम जुळत होता. पहिल्याइतकाच जुळत होता. यांतलं आठवत होतं कुठलं आणि आपण नंतर लावून घेतलेलं कुठलं, हे तिला कितीही ताणलं तरी सांगता येईना.

हमीसीला पुढे शिक्षा झाली. पट्ट्याच्या नोंदी कोर्टाने ग्राह्य धरल्या. प्रणिताला पथकातून परत पाठवलं, नाशिकला तिची चौकशी बसली आणि प्रशिक्षणाचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ती दालनात परत गेली तेव्हा तिची साक्ष संपलेली होती आणि पुढचा साक्षीदार पिंजऱ्याकडे निघाला होता.

"मला माझ्या साक्षीत एक दुरुस्ती करायची आहे," ती उभी राहून म्हणाली.

मसूदींनी हरकत घेतली. न्यायाधीश बाईंनी त्यांना हातानेच बसवलं.

"बोला."

"तो हसला, म्हणून राग आला, असं मी सांगितलं. ते तसं नसावं. माझा राग त्याला माझ्या चेहऱ्यावर आधीच दिसला असेल, आणि तो घाबरून हसला असेल."

"असेल?" मसूदी बसल्या जागेवरून म्हणाले. "तुम्हाला आठवतंय की नाही?"

"नाही आठवत. आधी सांगितलं तेव्हा आठवतं असं वाटत होतं. आता तेवढंही वाटत नाही."

"मग राग होता तरी कशाचा?"

"तेही माहीत नाही."

न्यायाधीश बाईंनी लेखनिकाला खूण केली. त्याने तिची साक्ष पडद्यावर काढली, दोन्ही भाषांत, शेजारी शेजारी. "जे माहीत नाही ते कोर्ट लिहून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "जे चुकीचं आहे, ते मात्र काढता येईल. राग आला, हे खरं?"

"खरं."

"तो हसला, हेही खरं?"

"हो."

"मग यातलं काढायचं काय?"

मागच्या बाकावर झैना मान वर करून पडद्याकडे बघत होती. तिला त्यातली मराठी बाजू वाचता येत नव्हती. प्रणिता पडद्यापाशी गेली आणि तिने बोट ठेवलं.

"हा एक शब्द," ती म्हणाली. "'म्हणून'."